जाळी आधी

सगळ्यांत आधी जाळी काढून ठेव,
चामनानकाका म्हणायचे, टब-बिब मागाहून.
जोडी सोडल्यावर जो जाळी शोधत फिरतो
तो अंडी मोजत नाही,
फाटलेले पिसारे मोजतो.

म्हणून जाळी आधी. जुन्या मच्छरदाणीची, मऊ,
राविवानने तारेच्या कड्यावर शिवलेली.
एक टाका उसवलाय. घालते म्हणाली,
बॅग भरून होईपर्यंत सुईदोरा वरच आहे.

मग घमेलं. काळं, प्लास्टिकचं, मिठाने घासलेलं.
साबण नाही. साबणाचा वास
आपल्या नाकातून जातो, पाण्यातून जात नाही.
नळाचं पाणी दोन रात्री उघडं ठेवलं
पेरूखाली, क्लोरीन उडून जायला.
त्यातलं चार बोटं घमेल्यात.
चार बोटं म्हणजे माझी, तिची नव्हेत.
यावरून आमचं एकदा भांडण झालंय,
सहाशे पिल्लांमागे एक भांडण,
महाग नाही.

देशी बदामाची पानं विहाराच्या कुंपणापाशी मिळतात.
लाल होऊन आपणहून गळलेलीच घ्यायची.
कुंगने सोळा आणली. दोन लागतात.
उरलेली तिने आईच्या बॅगेत दडपली,
स्वेटरच्या घडीत.
तैवानचं पाणी कसं असेल, कुणी सांगावं.

संध्याकाळपर्यंत घमेल्यात कोरा चहा.
त्यावर अर्धा कापलेला थर्माकोलचा कप, पालथा,
नर त्याच्याखाली फेस बांधेल,
बुडबुडा बुडबुडा, तोंडाने.
एका कडेला पाणवनस्पतीचा पुंजका,
मादीला पळून लपायला जागा हवी.
वर काच, म्हणजे हवा उबदार राहते.
आणि कंदिलाची जुनी चिमणी, दोन्हीकडे उघडी:
पहिला दिवस मादी तिच्यात,
दिसेल, पण हाती लागणार नाही.

दहा दिवस दोघांना डासांच्या अळ्या चारल्यात.
नर निळा, कडेला गंजल्यासारखा.
मादीच्या अंगावर उभे पट्टे आलेत.
लग्नघरातून मागून आणलेल्या दारूच्या चपट्या
धुऊन, उन्हात पालथ्या, दीडशे.
पिल्लं मोठी होऊन एकमेकांना फाडू लागली
की प्रत्येकाला एक खोली.
बाटली-बाटलीत पुठ्ठा. शेजारी दिसला
की झोप उडते त्यांची.

कोबीचं पान राहिलं होतं.
ते आजच बरणीत कुजत घालायचं,
पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव धरायला हवेत,
पिल्लांचा पहिला घास.
आज वास नाही सोसला
तर त्या दिवशी बाजारात काही मिळत नाही.

विमान गुरुवारी रात्री. तीन वर्षांचा करार.
जोडी शुक्रवारी सोडायची.

कुंगने विचारलं, मादीला बाहेर का काढतात?
मी गिऱ्हाइकाला सांगतो तसं सुरू केलं,
अंडी घालून झाली की नर तिला...
आणि बरणीचं झाकण लावत बसलो.
झाकण लागलेलंच होतं.
राविवान मान खाली घालून टाका घालत होती.
म्हणाली, थकलेली असते गं.
वेगळ्या बरणीत ठेवतात, चांगलंचुंगलं चारतात,
अंग भरून येतं.
मग परत सोडतात?
सोडतात.

त्याच घमेल्यात नाही. त्याच नराजवळही बहुधा नाही.
मी बोललो नाही.
पडलेलं अंडं नर तोंडात धरून
पुन्हा फेसात चिकटवतो, ते सांगितलं,
रात्रभर, न जेवता.
कुंग म्हणाली, तुला भात तरी कुठे लावता येतो?

राविवानने दोरा दातांनी तोडला.
जाळी उलटी करून पाहिली, उजेडाकडे धरून,
मग दाराजवळच्या खिळ्याला टांगली,
माझ्या उंचीवर.